प्रस्थान आणि पहिला घाट

श्रोतेहो, ज्येष्ठ महिना लागला की वारकऱ्याच्या घरात वेगळीच लगबग सुरू होते. माळ्यावरची पडशी खाली येते, टाळांना नवी दोरी लागते, पताकेचे कापड धुऊन वाळत पडते. घरातली म्हातारी माणसे बोटांवर तिथी मोजतात. एकादशी केव्हा, निघायचे केव्हा, किती मुक्काम पडतील, कोण कोण येणार. पंढरीच्या सोहळ्याविषयी, रिंगणाविषयी, वाखरीच्या मेळ्याविषयी आणि चंद्रभागेच्या वाळवंटाविषयी पुष्कळ सांगितले जाते आणि ते सांगावेच. पण निघाल्यानंतरच्या पहिल्या चार दिवसांविषयी फारसे कोणी बोलत नाही. आज आपण त्या चार दिवसांचाच विचार करू. कारण ज्याची वारी मोडते त्याची बहुधा वाखरीला मोडत नाही. कळस दिसू लागल्यावर कोण मागे फिरतो? वारी मोडते ती पहिल्या चार दिवसांत, आणि खरी जुळते तीही त्याच चार दिवसांत.

निघण्याला आपण 'प्रस्थान' म्हणतो. शब्द रोजचा आहे, पण जरा आत डोकावून पाहा. 'स्था' धातूचा अर्थ उभे राहणे, थांबणे. त्याला 'प्र' हा उपसर्ग लागला की अर्थ उलटतो आणि निघणे, वाटेला लागणे असा होतो. जो स्थिर होता तोच निघाला. दुसरी मौज अशी की, नुसता 'स्था' परस्मैपदी चालतो, 'तिष्ठति' असे रूप होते. 'प्र' लागला की पाणिनीच्या नियमाने तो आत्मनेपदी होतो आणि 'प्रतिष्ठते' असे म्हणावे लागते. व्याकरणाचा हा नियम आहे, त्यात वेदान्त सांगितलेला नाही. पण भाविकाने त्यातून भाव घ्यायला कोणाची हरकत आहे? घरी बसून आपण जे करतो ते बहुतेक दुसऱ्याने पाहावे म्हणून करतो. वाटेला लागल्यावर जे घडते ते आपल्याच आत घडते. पाय आपले, फोड आपले, आणि चौथ्या दिवशी जे कळते तेही आपलेच. ते कोणाकडून उसने आणता येत नाही.

आता आपल्या भागातली वाट पाहा. देगलूर हे श्रीगुंडामहाराजांचे गाव. चक्रीभजनाची परंपरा आणि पंढरीची वाट या दोन्ही गोष्टी या गावाच्या अंगी मुरलेल्या आहेत. मुलूख सीमेवरचा. बाजारात मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषा कानांवर पडतात. १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता, त्यापूर्वीही वारी होती आणि त्यानंतरही आहे. देगलूरहून उदगीर, लातूर, बार्शी या अंगाने पंढरपूर सुमारे ३०० किलोमीटर पडते. रोज पाच-सहा कोस चालले तर पंधरा-सोळा मुक्काम. आणि गंमत अशी की या वाटेची चढण शेवटी नाही, आरंभीच आहे. देगलूर लेंडी-मांजरेच्या सखल भागात, तर उदगीर बालाघाटाच्या पठारावर. म्हणजे घर सोडले, पाय अजून मोकळे झालेले नाहीत, खांद्याला ओझ्याची सवय नाही, आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच वाट वर चढू लागते. खाली काळी माती, तिच्यावर पावसाचा एक शिंतोडा पडला की पायाला शेर-शेर चिखल चिकटतो. वर गेले की मुरूम आणि खडक.

आळंदीची वाट पाहिली तरी तोच प्रकार. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखीची प्रथा घातली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतरावबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा लावून दिला. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे प्रस्थान होते. पहिला मुक्काम आळंदीतच. दुसऱ्या दिवशी पुणे, तिथे दोन रात्री. आणि मग पुण्याहून सासवड, सबंध वाटेतली सर्वांत लांब मजल, तीस किलोमीटरांच्या वर, आणि तिच्यात दिवे घाट. त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी असते. म्हणजे पोटात उपास, डोक्यावर ऊन नाहीतर पाऊस, आणि पुढे घाट. माउलींच्या रथाला घाटात जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव मागे पडत जातो, आणि वळणावळणाने पताका वर चढत जातात. ज्याने तो देखावा पाहिला आहे त्याला वर्णनाची गरज नाही. पण ज्याने तो घाट चढला आहे त्याला ठाऊक आहे की, चढताना देखावा दिसत नाही, पुढच्याची टाच तेवढी दिसते.

हे आपल्याकडेच आहे असे मात्र समजू नका. जपानात शिकोकू नावाचे बेट आहे. तिथे कोबो दाइशी या सत्पुरुषाच्या नावाने ८८ देवळांची सुमारे १२०० किलोमीटरांची पायी यात्रा करतात. अकराव्या देवळाहून बाराव्याकडे जाताना डोंगराची अशी अवघड वाट लागते की, तिला 'यात्रेकरूंना गडगडत लोळवणारी' असेच नाव पडले आहे. पायी चालणारा तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच पोचतो. तिकडे युरोपात सांतियागोच्या यात्रेला जे फ्रान्सच्या बाजूने निघतात, त्यांना पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडावा लागतो. डोंगर सगळीकडे दारातच बसलेला आहे! जणू विचारतो, "खरंच निघालास का बाबा? की चार पावलं पोचवायला आलास?"

डोंगराची वाट म्हटली की शास्त्र जाणणाऱ्याला महाभारताचे महाप्रस्थानिक पर्व आठवते. राज्य परीक्षिताला देऊन पाच पांडव आणि द्रौपदी वल्कले नेसून निघाले. सोबत एक कुत्रा. हिमालय ओलांडला, वाळूचा समुद्र पाहिला, मेरू दिसू लागला, आणि एकेक जण पडू लागला. प्रथम द्रौपदी. भीमाने विचारले, "दादा, ही का पडली?" धर्मराज म्हणाले, "तिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता." मग सहदेव पडला, त्याला आपल्या शहाणपणाचा गर्व. मग नकुल, त्याला रूपाचा. मग अर्जुन, त्याला शौर्याचा. शेवटी भीम पडला. पडता पडता त्याने स्वतःचेही कारण विचारले. उत्तर मिळाले, "तू अतोनात खाल्लेस आणि बळाची बढाई मारलीस."

श्रोतेहो, ही यादी घेऊन दिंडीच्या दुसऱ्या दिवशीच्या मुक्कामावर जाऊन बसा. पाचही माणसे तिथे बसलेली दिसतील! एकाला आपल्याच गावची सोबत पाहिजे, आपल्याच माणसाजवळ पथारी पाहिजे. मांडवात जागा झाली नाही की त्याची वारी कडू होते. हा द्रौपदीचा पक्षपात. दुसरा शहाणा, तो प्रत्येक वळणावर सांगतो, "ही वाट चुकीची घेतली, मी असतो तर तिकडून नेले असते." तिसऱ्याला कपड्यांवर चिखल उडाल्याचे दुःख. चौथा पराक्रमी, तो दिंडी सोडून पुढे पळतो, मुक्कामावर दोन तास आधी पोचतो आणि येणाऱ्यांना म्हणतो, "आलात का? मी केव्हाचा बसलोय." आणि पाचव्याचे काय सांगावे! पंगतीत त्याचा हात थांबत नाही आणि घाटात त्याचा पाय चालत नाही. हसू नका, बरं का. या पाचांपैकी एकेक आपल्या प्रत्येकाच्या पडशीत असतो. पडशी जड का झाली हे पाहायला ती उघडावी लागते, आणि ती पहिल्या चार दिवसांतच उघडते.

ओझ्याची गोष्ट निघाली म्हणून एक दृष्टांत सांगतो. तो पुराणातला नाही, अलीकडचाच आहे. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन नावाच्या पर्वतरांगेवरून एक पाऊलवाट जाते. १९३७ साली ती पूर्ण झाली. लांबी सुमारे ३५०० किलोमीटर, म्हणजे देगलूर ते पंढरपूर अकरा-बारा वेळा. दक्षिणेच्या टोकाहून निघाले की पहिल्या ५० किलोमीटरांवर एक खिंड लागते आणि तिथे एक दुकान आहे. लोक मोठ्या उमेदीने पाठीवर डोंगराएवढी पिशवी घेऊन निघतात आणि तीन-चार दिवसांत रडकुंडीस येऊन त्या दुकानात पोचतात. दुकानदार पिशवी उघडायला लावतो. हे कशाला, ते कशाला, असे एकेक जिन्नस बाजूला काढतो, आणि नको ते टपालाने घरी परत पाठवतात. पुष्कळ लोक मात्र जिन्नस परत पाठवण्याऐवजी तिथून स्वतःच परत जातात! ओझे टाकवत नाही म्हणून वाट टाकतात.

आणि त्याच वाटेवर १९५५ साली एम्मा गेटवुड नावाची एक आजी निघाली. वय ६७, अकरा लेकरांची माय. पाठीवर मोठी पिशवीसुद्धा नाही. जाड कापडाची स्वतः शिवलेली झोळी खांद्यावर टाकलेली, पायांत साधे कापडी बूट, आणि पावसासाठी न्हाणीघराचा पडदा. आदल्या वर्षी तिने प्रयत्न केला होता. तेव्हा ती रानात वाट चुकली आणि तिला परतावे लागले. म्हणून काय ती घरी बसली? दुसऱ्या वर्षी दुसऱ्या टोकाने निघाली आणि सप्टेंबरात कटाडिन पर्वताच्या माथ्यावर पोचली. ती वाट एका दमात एकटीने पुरी करणारी ती पहिली स्त्री. तिच्याजवळ काय होते, याहून तिच्याजवळ काय नव्हते हे पाहा. आपल्याकडे वैराग्य म्हटले की भगवी वस्त्रे डोळ्यांसमोर येतात. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले, त्यांतल्या वैराग्याचा पहिला धडा हाच की, खांद्यावरून एक वस्तू खाली ठेवावी. आणि अभ्यासाचा पहिला धडा असा की, उद्या सकाळी पुन्हा उठून चालावे.

अभ्यास कसा पक्का होतो, हे पतंजलींनी सांगितले आहे: पुष्कळ काळ केलेला, मध्ये खंड न पाडता केलेला, आणि आदराने केलेला. खंड न पाडता, हे मुख्य. डॉक्टर मंडळी सांगतात की, न सरावलेल्या श्रमाने अंग दुखते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आणि मग ओसरू लागते. म्हणजे पाहा, ज्या दिवशी दुखणे ऐन भरात असते त्याच दिवशी मन म्हणते, "आपल्याला झेपायचं नाही." त्या तिसऱ्या दिवशीच्या मनाचे ऐकू नये. तिसऱ्या दिवशी निकाल देऊ नये. संध्याकाळी कढत पाण्याने पाय शेकावेत, खोबरेल तेल लावावे, लवकर निजावे, आणि निकाल पाचव्या दिवसावर ढकलावा. पाचव्या दिवशी बहुधा निकाल द्यायची आठवणच राहत नाही.

म्हणून नवख्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. नव्या चपला निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. महिनाभर आधी घ्या आणि शेताच्या वाटेवर चालून मऊ करा. ओले पाय पुसल्याशिवाय निजू नका. घाटात लांब ढांगा टाकू नका. लहान पाऊल, एक लय, टाळाच्या ठेक्यावर. टाळ आहे तो कशाला? भजनाला तर आहेच, पण हजार पायांचा एक पाय करायलाही आहे. पाणी तहान लागण्याआधी प्या. घाम फार गेला तर मीठ-साखरेचे पाणी घ्या. छातीत कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, ऊन असूनही घाम थांबला, तर ते पायाचे दुखणे नव्हे. तिथे नामस्मरण करावे आणि त्याच श्वासात शेजाऱ्याला हाक मारावी. सहन करणे हा वारीचा गुण आहे. लपवणे हा नाही.

आणि एकादशीचा विषय आता स्पष्टच बोलतो, कारण इथे जिवाची गाठ आहे. मधुमेहाची, रक्तदाबाची कितीतरी माणसे आता वारीत असतात. एकादशी आणि घाट एकाच दिवशी आले की, ही माणसे गोळ्या घेत नाहीत. म्हणतात, "उपास मोडंल." अहो, शास्त्राने काय सांगितले आहे ते ऐका. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी आपल्या धर्मशास्त्रात मोजून ठेवल्या आहेत. त्यांत पाणी आहे, कंदमुळे आहेत, फळे आहेत, दूध आहे, गुरूचे वचन आहे, आणि शेवटी औषध आहे. ज्यांनी एकादशी सांगितली त्यांनीच हे सांगितले. मग तुम्ही त्यांच्याहून कडक कुठले? ज्याला डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितले आहे, त्याने घाटाआधी खावे, औषध घ्यावे आणि मग चढावे. गोळी न घेता घाटात जो पडेल, त्याच्यासाठी दहा माणसांचे भजन थांबेल. ते व्रत कोणाचे झाले? विठ्ठलाला आपले पोट रिकामे नको आहे, अंतःकरण रिकामे पाहिजे आहे.

आता कथेकडे परत येऊ. महाभारतातल्या त्या वाटेत एक गोष्ट अशी आहे की, ती वाचताना पोटात कालवते. द्रौपदी पडली, धर्मराज मागे वळून न पाहता चालत राहिले. भाऊ पडले, तरी ते चालत राहिले. कोणी म्हणेल, हा काय निष्ठुरपणा? निष्ठुरपणा नव्हे. ते महाप्रस्थान होते. त्या वाटेला परत येणे नाही. सर्वसंग टाकून देह ठेवायला निघालेल्यांची ती वाट, आणि तिचा नियम तसाच होता. तरीही त्याच धर्मराजांनी स्वर्गाच्या दारात इंद्राला सांगितले की, माझ्या आश्रयाला आलेल्या या कुत्र्याला टाकून मी रथात बसणार नाही. म्हणजे त्या निष्ठुर वाटेच्या शेवटीही करुणेचीच परीक्षा होती.

पण आपले प्रस्थान महाप्रस्थान नव्हे, हे वारकऱ्याने पक्के ध्यानात ठेवावे. आपला शब्दच 'वारी' आहे. जाणे आणि येणे, येणे आणि पुन्हा जाणे. वारकरी घर सोडून जातो तो घराकडे परत येण्यासाठी, आणि येताना थोडा बदलून येण्यासाठी. म्हणून आपल्या वाटेचा नियम धर्मराजांच्या वाटेच्या उलट आहे: इथे मागे वळून पाहायचे. दिंडीची रचनाच पाहा ना. पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये पखवाज, मग वीणा, मागे तुळशीवृंदावन आणि पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या आयाबाया. जी दिंडी पुढच्याच्या पायाने चालते ती दोन दिवसांत फुटते. चालावे मागच्या म्हातारीच्या पायाने. पालखी सोहळ्यात मुक्कामावर समाज आरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतात आणि एवढा मोठा मेळा निमूट होतो. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार जाऊन गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निकाल लागतो. मग काय हरवले, काय सापडले ते मोठ्याने पुकारले जाते. किती सुंदर रीत आहे! दिवसभराच्या वाटचालीनंतर देवाच्या आरतीच्या आधी आधी गाऱ्हाणे, आधी हरवलेले. मग देव.

आता खरा प्रश्न. माणूस मागे पडला तर हात देता येतो. पण माणूस मागे फिरला तर?

आपल्या भागात हा प्रश्न दर वर्षी येतो. निघायचे दिवस म्हणजे मिरगाचे दिवस. मृगाचे नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते आणि आषाढीची वारी जून-जुलैतच. कोरडवाहू शेतकऱ्याचे सगळे वर्ष त्या चार पावसांवर टांगलेले. मूग, उडीद, ज्वारी, तूर, कापूस, आता सोयाबीन. पेरणी साधली तर वर्ष साधले. ओल उडाली तर दुबार पेरणीला बी आणायचे कोठून? आणि इकडे वारीचा नेम, वडिलांपासून चालत आलेला. अशा वेळी निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मुक्कामावर कोणी शेतकरी वीणेकऱ्याजवळ येऊन खाली मान घालून उभा राहतो. असा एखादा दर वर्षी असतोच.

"महाराज, गावाकडं मिरगाचा पाऊस झालाय म्हनं. पोरगं एकलंच हाय. माझा जीव लागंना झालाय."

आजूबाजूला लगेच कुजबुज सुरू होते. "निघायच्या आधी कळलं नव्हतं का?" "नेम मोडतोय." "पाय दुखायलेत म्हनून पावसाचं नाव सांगतोय." त्या माणसाला पायाच्या फोडांनी जेवढे दुखले नसेल तेवढे या शब्दांनी दुखते. आता काय सांगावे त्याला? चल म्हणावे की जा म्हणावे?

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने नेमका हाच प्रश्न विचारला आहे. श्रद्धेने निघाला, पण मध्येच मन ढळले, शेवटाला पोचला नाही, असा माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून नाहीसा होतो का? ना इकडचा ना तिकडचा? भगवंतांचे उत्तर पाहा. ते रागावत नाहीत, नियम सांगत नाहीत. 'तात' म्हणतात. बाळा, बाबा, अशी ती हाक आहे. आणि सांगतात की, चांगले करायला निघालेल्याची दुर्गती कधी होत नाही. त्याने जेवढी वाट कापली तेवढी त्याच्या खाती जमा राहते, आणि पुढे तिथूनच तो चालू लागतो. हे तर ज्याचे मन ढळले त्याच्याविषयी सांगितले. मग ज्याचे मन ढळलेले नाही, कर्तव्याने ज्याला हाक मारली आहे, त्याच्याविषयी काय सांगावे?

आणि आपल्या दैवताचे चरित्र तरी काय आहे? पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता. भगवंत दारात आले. पुंडलिक धावत बाहेर आला का? नाही. हातातली सेवा सोडली नाही. वीट पुढे सरकवली आणि म्हणाला, थांबा. आणि भगवंत थांबले! अजून थांबले आहेत. अठ्ठावीस युगांचा हिशेब आपण गातो तो कशाचा? देव उभा आहे याचा. ज्या संप्रदायाचा देव एका माणसाच्या घरच्या कर्तव्यासाठी तिष्ठत उभा राहिला, त्या संप्रदायाची माणसे पेरणीसाठी परतणाऱ्याला नावे ठेवणार काय? वर सांगितलेला 'स्था' धातू इथे पुन्हा आठवा. भक्ताने 'प्रस्थान' करावे आणि देवाने 'स्थान' सोडू नये. आपण निघतो, चुकतो, परततो, पुन्हा निघतो. तो मात्र तिष्ठतो. तो निघून गेला असता तर आपल्या उशिराला अर्थ उरला नसता.

म्हणून त्या शेतकऱ्याला जाणत्या वीणेकऱ्याने असे सांगावे: "माउली, आजची रात्र मुक्काम करा. पहाटे मनाला एकच गोष्ट विचारा. जीव शेतात अडकलाय की पाय वाटेला कंटाळलेत? पाय कंटाळले असतील तर आणखी दोन दिवस आमच्याबरोबर चला, ते बोलायचे थांबतील. जीव शेतात असेल, तर सकाळच्या एस.टी.ने खुशाल गावी जा. पेरणी करा. तुमचा टाळ इथं ठेवून जा."

टाळ ठेवून जा, हे महत्त्वाचे. तो टाळ दुसऱ्याच्या हातात चालतो. ज्याच्या हातात तो असेल त्याने रोज एक अभंग त्या परतलेल्याच्या नावाने म्हणावा. पेरणी साधली, पाऊस जागेवर राहिला, तर दशमीला तो माणूस एस.टी.ने पंढरपुरी येईल आणि आपला टाळ आपल्या हाती घेईल. नाही साधले, तर टाळ कार्तिकीपर्यंत वाट पाहील. टाळही देवाकडून थांबायला शिकतो!

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की, परतणे सोपे आहे आणि कोणीही उठावे आणि परतावे. नेम हा नेम आहे. घरून निघतानाच शेताची सोय, पोराला समज, भावाला निरोप, हे सगळे करून निघणे हाच नेमाचा पहिला भाग. शेजारी जो वारीला निघत नाही त्यानेही ध्यानात ठेवावे: निघालेल्याच्या रानात एक दिवस आपली तिफण घालून द्यावी. गावात राहून दुसऱ्याचे शेत पेरणारा आणि वाटेवर दुसऱ्याचा टाळ वाजवणारा, हे दोघे एकाच दिंडीत आहेत. पंढरीला त्यांची नोंद वेगवेगळी होत नाही.

आणि जो पुढे चालतो त्यालाही एक इशारा. घाट चढून गेल्यावर वरच्या वाऱ्याला बसून खाली पाहताना मनात एक बारीक किडा शिरतो: "मी चढलो, तो परतला." श्रोतेहो, तो किडा म्हणजेच अर्जुनाच्या शौर्याचा गर्व, नाहीतर भीमाची बढाई. घाट चढायला माणसाला चार तास लागतात, आणि त्या एका विचाराने तो पुन्हा खाली उतरतो. म्हणून वर पोचल्यावर पहिली गोष्ट करावी ती ही की, पाण्याचा तांब्या घेऊन वळणावर उभे राहावे. मागून येणारा कोण, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या भाषेचा, हे विचारू नये. तो मराठीत 'माय' म्हणेल, कानडीत 'अव्वा' म्हणेल, तेलुगूत 'अम्मा' म्हणेल. तहान एकच. त्याच्या ओठाला तांब्या लागला की, आपला घाट खरा संपला.

पहिल्या चार दिवसांत एवढे शिकून घ्यावे. ओझे उघडून पाहावे आणि नको ते टाकावे. तिसऱ्या दिवशी निकाल देऊ नये. औषधाला उपासाचा अडथळा करू नये. मागे वळून पाहावे. परतणाऱ्याचा टाळ सांभाळावा. उरलेली वाट मग वाटच शिकवते, तिथे आम्हा कीर्तनकारांचे काम नाही. यंदा ज्यांची पहिली वारी आहे त्यांच्या पायांना बळ मिळो, ज्यांना घरी राहावे लागले त्यांच्या रानात वेळेवर ओल पडो, आणि दोघांचाही नमस्कार एकाच विटेवर पोचो, एवढेच त्या उभ्या असलेल्या देवाजवळ मागणे आहे.

बोला, पुंडलीक वरदे हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!